मावशी आणि अर्ध्या चड्डीतले पुरुष

पुरुष या प्राण्याचा आमच्या मावशींइतका बारीक अभ्यास केलेली, आणि तरीही साठी उलटून गेली तोवर त्यांतल्या एकाशीही लग्न न केलेली दुसरी बाई करी रोडपासून कफ परेडपर्यंत शोधून सापडली नसती. मावशी म्हणजे माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण. त्यांच्या अभ्यासातले पुरुषही ऐरेगैरे नव्हेत. टेनिसमधले जगातले पहिले दहा-बारा. सगळे परदेशातले, सगळे अर्ध्या चड्डीतले, सगळे वर्षभर या देशातून त्या देशात चेंडूमागे धावणारे. त्यांतला एकही मावशींना कधी भेटलेला नाही आणि भेटण्याची शक्यताही नाही. पण कुणाचा गुडघा वळताना कुरकुरतो, कोण चौथ्या सेटमध्ये आईची आठवण आल्यासारखा चेहरा करतो, कोण जिंकत असताना घाबरतो आणि कोण हरायला लागल्यावरच माणसात येतो, हे मावशींना सख्ख्या बहिणीच्या ब्लडप्रेशरपेक्षा जास्त ठाऊक. सासूबाई कुरकुरत म्हणायच्या, "हिला माझ्या गोळीचं नाव विचारा, सांगता यायचं नाही. पण त्या कुठल्या लांबुडक्याचं कोपर दुखतंय म्हणून काल संकष्टीला हिने जास्तीच्या दूर्वा वाहिल्या."

'लांबुडका' हे त्या खेळाडूचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. मावशी कुणालाच खऱ्या नावाने हाक मारत नसत. नावं त्यांना येत होती, अगदी शेवटच्या मुरडीसकट येत होती. पण त्यांचं म्हणणं असं, की एकदा मोठं नाव घेतलं की माणूस मोठा दिसायला लागतो, आणि मोठ्या माणसाची खोट दिसत नाही. 'खोट' हा मावशींचा आवडता शब्द. प्रत्येकाच्या खेळात एक जागा अशी असते, जिथे चेंडू पडला की त्याचं अवसान गळतं. ती त्याची खोट. ती सापडेपर्यंत मावशींना चैन पडत नसे, आणि सापडली की त्या खेळाडूबद्दल त्यांच्या मनात एकदम माया दाटून येई. मीही इथे त्यांचीच नावं वापरतो. खरी नावं मी त्यांच्या नादाने केव्हाच विसरलो आहे.

तर पहिला गवंडी. हा मनुष्य मागच्या रेषेवर उभा राहतो आणि विटेवर वीट ठेवत जातो. चुकत नाही, घाई करत नाही, हसत नाही. समोरच्याला वाटतं आपण टेनिस खेळतोय, आणि तासाभराने बघतो तर चारी बाजूंनी भिंत उभी आणि मध्ये आपण. "पण त्याला आखूड चेंडू टाकून पुढे बोलवा," मावशी म्हणत, "नेटजवळ आला की चुकून दुसऱ्याच्या लग्नात शिरल्यासारखा उभा राहतो. हात कुठे ठेवायचे कळत नाही मेल्याला." दुसरा तो लांबुडका. त्याची सर्व्हिस म्हणजे माडावरून नारळ पडल्यासारखी. खाली असलेल्याने फक्त बाजूला व्हायचं. पण चेंडू पायाशी आला की संपलं. गुडघ्यात वाकण्यात त्याला कमीपणा वाटतो. मग बटू, वयाने सगळ्यांत लहान. वाऱ्यासारखे पाय, आणि हातात असे फटके की बघणाऱ्याने पापणी लववू नये. त्याची खोट मावशींनी एका वाक्यात सांगितली होती: "ह्याला साधा वरणभात करता येत नाही. रोज श्रीखंड." एक होता जावई. अंगात सगळे फटके आणि तोंडात सगळ्या तक्रारी. टॉवेल ओला, चेंडू जुना, वारा उलटा. एक गुण गेला की कडेला बसलेल्या आपल्या माणसांकडे असा बघायचा, जशी काय आमटी त्यांनीच खारट केली. या जावयाचं वर्णन चाललेलं असताना मी बहुधा शेजारीच बसलेला असे, आणि माझी बायको माझ्याकडे न बघता हसत असे.

एका म्हाताऱ्याबद्दल मात्र मावशी हळू आवाजात बोलत. म्हातारा म्हणजे टेनिसमधला म्हातारा. आमच्या ऑफिसात तो तरुणात मोडला असता. पाय गेलेले, पण नजर अशी की चेंडू कुठे येणार हे मारणाऱ्याच्या आधी ह्याला कळायचं आणि तो तिथे जाऊन उभा राहायचा. मी एकदा विचारलं, "मग ह्याची खोट काय?" मावशी म्हणाल्या, "त्याला घरी जायचं नाहीये," आणि हातातलं ताट उगीचच दुसऱ्या मांडीवर घेतलं.

आणि मावशींचा लाडका होता एकहाती. आता सगळे जण बॅकहँड दोन्ही हातांनी मारतात. हा एकाच हाताने मारायचा. मारून झाल्यावर त्याचा हात बाजूला पसरलेला तसाच राहायचा, आणि मावशीही खुर्चीत तशाच राहायच्या. तो चेंडू कुठे पडला याच्याशी त्यांना फारसं कर्तव्य नसे. चेंडू उंच उडून खांद्यापाशी आला की ह्या बिचाऱ्याचा तो सुंदर हात लुळा पडतो, हे त्याच्या सगळ्या वैऱ्यांना ठाऊक होतं, आणि ते इमानेइतबारे चेंडू त्याच्या खांद्यापाशीच टाकायचे. मोठी स्पर्धा तो एकही जिंकला नाही. मावशींना त्याचं वाईट वाटायचं, पण तो बदलावा असं कधी वाटलं नाही.

ही आवड त्यांना लागली कशी, हे एकदा त्यांनीच सांगितलं. मावशी वाढल्या लालबागच्या चाळीत. वडील गिरणीत, घर देवगडाकडचं, एका खोलीत सात माणसं आणि शिवाय गावाहून आलेला एखादा पाहुणा. मावशींना नुकतीच परळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायची नोकरी लागली होती आणि तेवढ्यात गिरण्यांचा संप सुरू झाला. भोंगे थांबले, पण चाळीतला आवाज उलट वाढला, कारण सगळे पुरुष घरी. दिवसभर भांडणं, पत्ते, रेडिओ, रडणारी मुलं. अशाच एका संध्याकाळी मावशी कामावरून आल्या, तर शेजाऱ्यांच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीसमोर गर्दी. टीव्हीवर एक माणूस हिरवळीवर चेंडू आपटत होता आणि त्याच्याभोवती हजारो माणसं बसलेली. "आणि कोणी बोलत नव्हतं," मावशी म्हणाल्या. "एवढी माणसं, आणि कोणी खोकतसुद्धा नव्हतं. मला वाटलं टीव्हीचा आवाज गेला. मी दारातच उभी राहिले. खेळ मला नंतर कळला. आधी मी त्या शांततेच्या प्रेमात पडले." पुढे भावांची शिक्षणं झाली, वडिलांचं आजारपण झालं, घरात पगार आणणाऱ्या बराच काळ मावशी एकट्याच राहिल्या, आणि लग्नाचं राहून गेलं. किंवा त्यांनी राहू दिलं. स्थळं आली नव्हती असं नाही. पण एक्स-रे बघायची सवय. माणूस दारातून आत आला की मावशींना आधी त्याची हाडं दिसायची.

माझाही असा एक्स-रे निघाला आहे. मी मुलगी बघायला सासुरवाडीला गिरगावात गेलो तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक बारीक अंगाच्या, जाड चष्म्याच्या बाई बसून माझं पोहे खाणं बघत होत्या. मी गेल्यावर त्यांनी आपल्या बहिणीला निकाल दिला, "मुलगो बरो आसा गो. पण उजवीकडे ढकललो तर धावतलो, आणि डावीकडे ढकललो तर नुसतो बघीत ऱ्हवतलो." लग्न ठरलं. पण या वाक्याचा अर्थ माझ्या बायकोने लग्नानंतर इतक्या वेळा आणि इतक्या प्रसंगी मला समजावून सांगितला आहे, की कुणी काही काम सांगितलं तर ते उजवीकडचं की डावीकडचं हे मी आधी मनातल्या मनात ठरवतो.

चाळ पडली आणि तिच्या बदल्यात मावशींना करी रोडला एका टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर घर मिळालं. तिथे आम्ही रविवारी दुपारी जात असू. खिडकीतून एका बंद गिरणीची चिमणी आणि तिच्या मागे अर्धवट बांधलेले टॉवर दिसत, आणि त्यांच्यामध्ये बोटभर समुद्र. त्या उजेडात, पडदे अर्धे ओढून, मावशी मांडीवर ताट घेऊन मोड आलेले वाल सोलत सामना बघत बसत. सामना रंगला की सोलण्याचा वेग वाढे. एकतर्फी सामना असला तर वाटीभर डाळिंब्या निघत. पाच सेटचा झाला तर मजल्यावरच्या चारही घरांत त्या दिवशी वालाची उसळ. समोरच्या गुजराती बाईंना टेनिसमधलं काही कळत नव्हतं, पण उसळ किती आली यावरून त्या सामना कसा झाला ते ओळखत. मोक्याच्या गुणाला मात्र मावशींचे हात थांबत. नोकरीतली जुनी सवय त्यांच्या तोंडून बाहेर पडे. सर्व्हिस करणाऱ्याकडे बघत त्या पुटपुटत, "श्वास घ्या. रोखून धरा." चेंडू पडला की, "सोडा." आणि मी कबूल केलं पाहिजे की आम्ही सगळेच तेवढा वेळ श्वास रोखून बसलेलो असायचो.

निवृत्त झाल्यावर मावशींनी एक नवा उद्योग सुरू केला. दादरला एका जिमखान्यात टेनिसची दोन मातीची कोर्टं आहेत. त्यांना जाळी आहे आणि जाळीबाहेर रस्त्याच्या कडेला एक दगडी कट्टा. सकाळी बसने जाऊन मावशी त्या कट्ट्यावर बसू लागल्या. आत खेळणारे म्हणजे पोट सांभाळत धावणारे डॉक्टर आणि वकील. पण मावशी त्यांनाही तेवढ्याच गंभीरपणे बघत. एका सकाळी एका गृहस्थांनी बॅकहँड मारला आणि मावशी स्वतःशीच म्हणाल्या, "हा बॅकहँड नव्हे. ही माशी हाकलली."

कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला, "परंतु चेंडू आत पडला, याची नोंद घ्यावी."

मावशींनी वळून पाहिलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, ऊन नसतानाही उघडलेली छत्री. गृहस्थ भोईवाड्याच्या कोर्टात शिरस्तेदार होते. तिथून निवृत्त होऊन आता या कोर्टाकडे बघत बसत. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा परदेशात स्थिरावला होता. आयुष्यभर निकालपत्रं हाताळल्यामुळे त्यांचं बोलणंही तसंच झालं होतं. आम्ही त्यांना शिरस्तेदारच म्हणायला लागलो आणि त्यांनाही ते आवडत असावं.

शिरस्तेदार गवंड्याच्या बाजूचे होते. इथेच सगळं आलं. मावशींच्या मते खेळ दिसला पाहिजे, आणि शिरस्तेदारांच्या मते चेंडू आत पडला पाहिजे. या मुद्द्यावर त्या दोघांनी त्या कट्ट्यावर अख्खा हिवाळा काढला. मग एकदा लाल मातीवरच्या मोठ्या स्पर्धेत एकहाती आणि गवंडी समोरासमोर आले, तेव्हा मावशींनी त्यांना घरी बोलावलं, केवळ त्यांचं तोंड बंद करण्यासाठी. एकहाती हरला. शिरस्तेदार एक शब्द बोलले नाहीत. फक्त ताटातले अर्धे वाल आपल्याकडे ओढून घेऊन सोलत बसले. त्यानंतर ते दर रविवारी येऊ लागले. सासूबाईंनी भुवया उंचावल्या. "या वयात काय ही थेरं," त्या मला म्हणाल्या. "टेनिस बघतात दोघं," मी म्हणालो. "तेच तर," सासूबाई म्हणाल्या.

अशाच एका रविवारी मी एकटाच करी रोडला गेलो. लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद होती. मी मनातल्या मनात सगळ्या टॉवरवाल्यांचा उद्धार करत जिने चढत होतो. आठव्या मजल्याच्या वर, जिन्याच्या वळणावर, शिरस्तेदार वर्तमानपत्राची घडी घालून तिच्यावर बसले होते. शर्ट घामाने चिकटलेला, हातात रुमाल.

"काय काका, लिफ्ट आजच बंद पडायची होती," मी म्हणालो.

"लिफ्ट बंद आहे का?" शिरस्तेदार म्हणाले. "मला कल्पना नव्हती."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. त्यांच्याही ते लक्षात आलं. रुमालाने चष्मा पुसत ते म्हणाले, "पूर्वी एकदा एका नातेवाइकांच्या इमारतीत अडकलो होतो. दिवे गेले होते. तेव्हापासून लिफ्टचं दार बंद झालं की माझा जीव घाबरतो. सबब, मी चढून येतो. इथे थोडं बसतो. श्वास ठिकाणावर आला की मगच बेल वाजवतो. बाईंना कळू देऊ नका. त्यांना खोट लगेच दिसते."

मी नाही सांगणार म्हटलं आणि आम्ही दोघं तिथे बसलो. खिडकीच्या जाळीतून वारा येत होता. त्यांनी पिशवीतून खाज्याची पुडी काढली, मावशींसाठी आणलेली, आणि तिच्यातला एक तुकडा मला दिला. श्वास पुरेसा शांत झाल्यावर त्यांनी भांग नीट केला, शर्टाच्या बाह्या खाली केल्या, आणि जणू शेजारच्या घरातून येत असल्यासारखे जाऊन बेल वाजवली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात ते बोलले. हिरवळीवरची स्पर्धा चालू होती. खेळाडू बाजू बदलताना खुर्च्यांवर बसले होते, केळी खात होते. शिरस्तेदारांनी ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "माझं एक म्हणणं आहे. भोईवाड्याला माझ्या दोन खोल्या आहेत. माणूस मी एकच. तुम्ही तिथे राहायला यावं, रीतसर लग्न करून, असं मला वाटतं. घाई नाही." हे सांगणाऱ्या मावशीच, आम्ही तिथे नव्हतो. "मग तुम्ही काय म्हणालात?" माझ्या बायकोने विचारलं. "काय म्हणणार. सर्व्हिस सुरू होत होती. मी म्हटलं, थांबा जरा." आणि ते जरा थांबणं लांबत गेलं. शिरस्तेदार पूर्वीसारखेच येत राहिले, पुन्हा काही बोलले नाहीत. मावशी मात्र बिघडल्या. वाल सोलताना टरफलं ताटात आणि डाळिंब्या पिशवीत टाकू लागल्या. बटूने डोळ्यांचं पारणं फिटावं असा फटका मारला तरी त्यांची नजर खिडकीबाहेरच्या चिमणीवर.

शेवटी त्यांनी मला एकट्याला बोलावून घेतलं. चहा ठेवला, तो आटेपर्यंत तसाच राहू दिला, आणि मग समोर येऊन बसल्या.

"जावईबापू, मला त्यांची खोट सापडत नाही," मावशी म्हणाल्या. "इतके महिने बघतेय. चिडत नाहीत, कुणाला वाईट बोलत नाहीत. खाण्यापिण्याची कटकट नाही. हरल्यावर रुसत नाहीत, आणि जिंकल्यावर माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत, मला वाईट वाटेल म्हणून. असा माणूस असतो का?"

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं कसं? ज्याची खोट दिसत नाही त्याच्याशी खेळायचं कसं?"

"मावशी, खेळायचं कुठे आहे? राहायचंय."

बाहेर चिमणीवर एक घार येऊन बसली होती, तिच्याकडे मावशी बघत राहिल्या. मग एकदम मालवणीत, जसं त्या फक्त बहिणीशी बोलत तसं, म्हणाल्या, "माका भय वाटता रे." मला त्यांनी 'अरे' म्हणण्याची ही पहिलीच वेळ. जाड चष्म्यामागचे त्यांचे डोळे एखाद्या लहान मुलीसारखे दिसत होते, आणि मला शिरस्तेदारांना दिलेला शब्द एकदम निरर्थक वाटायला लागला.

"त्यांना लिफ्टची भीती वाटते," मी म्हणालो. "ते चढून येतात. दर वेळी."

मावशींना आधी कळलंच नाही. मग त्यांनी दाराकडे पाहिलं, जणू दारापलीकडचे सगळे जिने त्यांना तिथूनच दिसत होते.

"नऊ मजले?" त्या म्हणाल्या.

"आठव्याच्या वर जरा बसतात. तुम्हाला दिसू नये म्हणून."

त्या हसतील असं मला वाटलं होतं. हसल्या नाहीत. उठून आत गेल्या, तो आटलेला चहा ओतून टाकला आणि नवा ठेवला. बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज येत राहिला.

पुढच्या रविवारी आम्ही पोचलो तर मावशी दारात तयार. त्यांनी माझ्या हातात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या, बायकोच्या हातात पाण्याची बाटली, आणि लिफ्टने चौथ्या मजल्यावर उतरून जिन्याच्या वळणावर त्या खुर्च्या मांडायला लावल्या. एका खुर्चीवर स्वतः बसल्या. आम्हाला म्हणाल्या, "तुम्ही वर जा." आम्ही वर गेलो, म्हणजे अर्धा जिना चढून कठड्याआड उभे राहिलो. खालून सावकाश पावलं येत होती. छत्रीचं टोक पायरीवर टेकत होतं. मग पावलं थांबली.

"आपण इथे?" शिरस्तेदारांचा आवाज.

"सामन्याला वेळ आहे. बसा."

ते बसले. मावशींनी त्यांचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे पाहत नाडी मोजली. मग म्हणाल्या, "श्वास घ्या. रोखू नका. सोडा." चौथ्या मजल्यावरची कुणीतरी बाई कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आली, या दोघांना बघून पिशवीसकट आत गेली.

"एवढे जिने चढून येता, आणि वर येऊन मला त्या गवंड्याचं कौतुक ऐकवता," मावशी म्हणाल्या.

"त्याबाबतीत माझं म्हणणं कायम आहे."

"असू दे." कठड्यावर माझ्या बायकोने माझा हात घट्ट धरला होता. "तुमच्या खोल्या कितव्या मजल्यावर आहेत म्हणालात?"

"तळमजला."

"मग ठीक आहे," मावशी म्हणाल्या.

सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन दादरहून लुगडं घेऊन आल्या आणि रंगावरून बहिणीशी भांडल्या. नोंदणी पद्धतीने लग्न झालं. शिरस्तेदारांनी सगळे कागद स्वतः तपासले आणि छापलेल्या मजकुरातली एक शुद्धलेखनाची चूक तिथल्या कारकुनाला नम्रपणे दाखवून दिली. मग आम्ही सगळे माहीमला एका लहानशा खानावळीत सुरमई खायला गेलो. तिथली कोळीण मालकीण मावशींच्या डोक्यातला गजरा बघून म्हणाली, "लग्न कोणाचं गो?" मावशी लाजल्या. मी त्यांना लाजताना त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

गिरणगावातली सगळी माणसं हळूहळू वर वर राहायला चालली आहेत. मावशी तेवढ्या खाली आल्या. भोईवाड्याच्या त्या दोन खोल्यांपुढे अंगणासारखी थोडी जागा आहे, तुळस आहे, देवळातली घंटा ऐकू येते. शेजारीपाजारी मोठ्याने बोलतात, मुलं दारातून आरपार धावतात. मावशींना त्याचा त्रास होत नाही. शिरस्तेदारांच्या खोटी त्यांना आता रोज सापडतात. ओला टॉवेल दारावर टाकतात, गोळी घेतली की नाही ते विसरतात, आंघोळीला पाणी काढून ठेवून पेपर वाचत बसतात. ही यादी सांगताना त्यांचा चेहरा असा काही उजळतो की सासूबाईसुद्धा गप्प बसून ऐकतात.

एक गोष्ट मात्र हरवली. मावशींचं ते धारदार बोलणं आता पूर्वीसारखं राहिलं नाही. एकहाती मागेच निवृत्त झाला. नवी पोरं आली आहेत, उंच, ताकदवान, दोन्ही बाजूंनी सारखीच मारणारी. त्यांच्यातल्या एकाची खोट मी मोठ्या आशेने विचारली, तर मावशी म्हणाल्या, "असेल काहीतरी. चांगला खेळतो पोरगा." मला उगीचच चुटपुट लागली. गर्दीतून जाताना कुणाची चाल बघून मी मनातल्या मनात त्याला नाव ठेवून पाहतो, पण जमत नाही.

परवा दुपारी सहज भोईवाड्याला गेलो. दार उघडंच होतं. आत टीव्ही चालू, आणि टीव्हीवर कुठल्यातरी दूरच्या देशात पाऊस पडत होता. कोर्टावर ताडपत्री घातलेली, प्रेक्षक छत्र्या उघडून बसलेले. दोन्ही खुर्च्यांमध्ये स्टुलावर वालाचं ताट, आणि दोघंही झोपलेली. शिरस्तेदारांची मान मागे गेली होती, मावशींचा चष्मा नाकावरून घसरला होता. अंगणातल्या उन्हाची तिरीप त्यांच्या पायांपर्यंत आली होती. मी आवाज न करता मोरीजवळच्या पाटावर बसलो. पंखा फिरत होता. बघता बघता तिकडचा पाऊस थांबला, माणसांनी ताडपत्री गुंडाळून नेली, दोन तरुण मुलं कोर्टावर आली आणि खेळ सुरू झाला. मला दोघंही अनोळखी. कुणाकडून असावं ते मला कळेना, तरी मी बघत राहिलो.

मावशींनी डोळे किलकिले केले. "सुरू झालं का?" त्यांनी अर्धवट झोपेत विचारलं.

"नाही मावशी," मी म्हणालो. "अजून पाऊस आहे. झोपा तुम्ही."

"बरं," म्हणून त्यांनी मान शिरस्तेदारांच्या खुर्चीच्या बाजूला कलती केली आणि पुन्हा डोळे मिटले.